सगळे बाहेर, वहिनी आत

गयावहिनी गेली त्या दिवशी जमीन अगदी शांत होती. मी शाळेत नववीच्या वर्गावर होतो. नांदेडच्या दवाखान्यातून पुतणीचा फोन आला. "काका, आई..." एवढंच ती बोलली. मी खडू टेबलावर ठेवला, पोरांना धडा वाचत बसायला सांगितलं आणि व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. तेव्हा जो पहिला विचार मनात आला तो आठवला की अजूनही मला कसंतरी होतं. मला वाटलं, ही अशी कशी गेली? आमच्या गावात कुणालाही विचारा, गयाबाई जाईल ती भिंतीखाली सापडून जाईल, असं सगळेच धरून चालले होते. मीसुद्धा. आणि ती गेली शहरातल्या पक्क्या स्लॅबखाली, लोखंडी खाटेवर, छातीच्या दुखण्यानं.

आमचं गाव आखाडा बाळापूरहून बरंच आत, माळाच्या कडेला. हळद, सोयाबीन आणि थोडा गहू, एवढ्यावर चालणारं. गेली काही वर्षं आमच्या भागात जमिनीच्या पोटातून आवाज येतात. आधी भरलेला ट्रक घराखाली चालू करून ठेवावा तशी गुरगुर होते, मग मांडणीवरची भांडी वाजायला लागतात, आणि कधीकधी खालून कुणीतरी गुडघा मारावा तसा धक्का बसतो. सुरुवातीला साहेब लोक आले, पाहून गेले, आवाज झाला की मोकळ्या जागेत या म्हणाले, पत्र्यावरचे दगड काढा म्हणाले. आमच्याकडची घरं दगडमातीची, वर पत्रे, आणि वाऱ्यावादळात पत्रे उडू नयेत म्हणून पत्र्यावर ओळीनं मांडलेले मोठाले दगड. म्हणजे भिंती तर होत्याच, वर डोक्यावर पडायची सोयही आम्ही आमच्याच हातानं करून ठेवलेली. दगड काढायचं कुणी मनावर घेतलं नाही. पळायला मात्र सगळे शिकले. गुरगुर ऐकू आली की हातातलं काम टाकून अंगणात... म्हातारे, लेकुरवाळ्या, शाळकरी पोरं, सगळे.

फक्त माझा थोरला भाऊ पळू शकत नव्हता. दादा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हळदीची पोती ट्रकवर चढवत असताना पाय निसटून खाली आला आणि त्याच्या पाठीवर पोतं पडलं. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. दादा अंगानं दांडगा, त्याला कुशीवर वळवायचं म्हटलं तरी दोन माणसं लागायची. वहिनी ते एकटी करायची, कसं ते तिचं तिलाच ठाऊक. आमचं अंगण एक, घरं दोन, समोरासमोर. जमिनीनं पहिल्यांदा आवाज केला ती सकाळ मला लख्ख आठवते. वहिनी चुलीवर चहा ठेवत होती. घरातून ती धावतच आली, दोन्ही हातांत दोन लेकरं मनगटाला धरलेली. तेव्हा ती दोघं लहान होती. त्यांना माझ्या अंगावर ढकलून "धरा" म्हणाली आणि वळून पुन्हा आत गेली. मला वाटलं, काहीतरी घ्यायचं विसरली असेल. तेवढ्यात आतून दादाचा आवाज आला, "जाय भाईर! मरायचं हाय का तुला?" ती काही बाहेर आली नाही. भांडी वाजायची थांबली, कुत्री गप्प झाली, तेव्हा दारात आली आणि म्हणाली, चहा उतू गेला वाटतं.

पुढच्या खेपेला तसंच झालं, त्याच्या पुढच्या खेपेलाही. कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण आमच्या अंगणात ती रीतच पडली. लेकरं माझ्याकडं, दादा तिच्याकडं. आम्ही सगळे अंगणातल्या लिंबापासून दूर, मोकळ्यात उभे, आणि समोर त्या उघड्या दारातून काही दिसत नसायचं. दादाचं ओरडणं तेवढं ऐकू यायचं. पुढंपुढं तेही बंद झालं. आम्हाला वाटलं, त्याला सवय झाली असेल.

एकदा मी तिला नीट बसवून बोललो. मास्तर माणूस, समजावून सांगायची खोड. म्हणालो, तू आत गेल्यानं दादा काही वाचणार नाही, भिंत आली तर दोघांवर येईल, आणि मागं लेकरांनी कुणाकडं बघायचं? ती हळदीच्या बेण्याची माती झाडत होती. हात न थांबवता म्हणाली, "लेकरायला तुमी हायत भावजी. ह्यायला कोन हाय?" मी म्हणालो, हा काही हिशेब झाला का? तर म्हणे, हिशेब तुमी शाळंत करा. आणि वर माझ्याकडं बघून हसली. वहिनीशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. बोलणं संपलं की ती कामाला लागायची आणि आपण तिथं उगाच उभे आहोत असं वाटायचं.

पण नुसतं आत जाऊन बसायचं एवढ्यावर ती थांबलेली नव्हती, हे सांगायला हवं. आधी तिनं अंगणात पत्र्याचं शेड घालून दादाला तिथं ठेवून पाहिलं. चैत्र लागला तसा पत्रा तापला, दादाच्या पाठीवरच्या जखमा चिघळल्या, ताप डोक्यात गेला, आणि पुन्हा त्याच दगडी खोलीत आणण्यावाचून इलाज उरला नाही. खोली थंड होती, आणि तीच खोली कधी अंगावर येईल याचा भरवसा नव्हता. मग वहिनीनं त्या खोलीलाच हात घातला. खाटेच्या डोक्याशी जी भिंत होती ती तिनं वरून दगड दगड उतरवत छातीइतकी खाली आणली आणि वरच्या भागाला पत्रा ठोकून घेतला. आणि पत्र्यावरचे सगळे दगड काढून टाकले. मी पत्र्यावर चढायला तयार होतो, पण तिनं ऐकलं नाही, पदर खोचून स्वतः शिडीला लागली. त्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात तिचे दोन पत्रे उडाले ते थेट गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत गेले. सगळा गाव हसला. गयाबाईचं घर पाखरू झालं म्हणे. तिनं पत्रे डोक्यावर घालून परत आणले, बाळापूरच्या बाजारातून लोखंडी हूक आणून ते खालच्या अँगलला आवळून टाकले, आणि हसणाऱ्यांना अशा शिव्या दिल्या की त्या मला इथं लिहिता येणार नाहीत.

पुढच्याच साली एका धक्क्याला शेजारच्या आळीत पत्र्यावरचा दगड घरंगळून खाली आला आणि चुलीपाशी बसलेल्या एका बाईचा खांदा मोडला. वहिनीला कुणी येऊन काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा दोन-चार घरांवरचे दगड खाली उतरलेले दिसले. बाकीचे अजूनही वरच आहेत.

तिच्या तेराव्याला एका पाहुण्यानं उभं राहून भाषण केलं. देवी म्हणाला, पतीच्या सेवेत आयुष्य वेचलं म्हणाला, बायकांनी डोळ्याला पदर लावला. माझं डोकंच फिरलं. वहिनी देवी वगैरे काही नव्हती. ती तापट होती, मिसरी लावायची, चहाला साखर घालताना हात आखडायची, आणि नळाच्या पाण्यावरून माझ्या बायकोशी, उषाशी, तिची अशी जुंपायची की मला शाळेत लवकर जावंसं वाटायचं. दादाशीही तिचं गोड नव्हतं. पडून पडून दादा किरकिरा झाला होता, तोंडाला येईल ते बोलायचा. एकदा त्यानं रागाच्या भरात जेवणाचं ताट उडवलं. वहिनीनं निमूट सांडलेलं सगळं गोळा केलं आणि बोलणं टाकलं. वेळेवर खाऊ घालायची, पुसून काढायची, कुशीवर वळवायची, पण तोंडातून शब्द नाही. ते दिवस अंगणात चालताना आम्हीसुद्धा दबकून चालायचो. अशातच एका दुपारी गुरगुर झाली. मला वाटलं, आज ही नक्की बाहेर थांबेल. ती अंगणात कपडे वाळत घालत होती, म्हणजे आधीच बाहेर होती. हातातलं लुगडं तारेवर टाकलं आणि आत पळाली. थांबल्यावर बाहेर आली, तेच लुगडं झटकून पुन्हा वाळत घातलं, आणि दादाशी बोलणं त्यानंतरही कितीतरी दिवस टाकलेलंच होतं. हे मी पाहिलं आहे. म्हणून कुणी मला सेवा, भक्ती असले शब्द सांगायला लागलं की मी उठून जातो. तिनं एक गोष्ट आपल्या अंगावर घेतली होती आणि ती तिला दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हती. याच्यासाठी मराठीत काय शब्द आहे ते मला, इतकी वर्षं मराठी शिकवूनही, माहीत नाही.

गावात म्हणायचे, गयाबाईला भ्याच ठावं न्हाई. मीही तेच समजून होतो. निधड्या छातीची बाई म्हणून चार ठिकाणी मी तिचं कौतुकही केलं आहे.

आणि दुखलं ते तिच्या छातीतच. हळद काढणीच्या दिवसांपासून तिला धाप लागत होती. पित्त झालंय म्हणायची. हिंगोलीला दाखवून येऊ म्हटलं की तिचं एकच, मी गेले तर ह्यायला कोन वळवंल? आम्ही आहोत की, असं मी म्हणायचो आणि ती माझ्याकडं अशी बघायची की मी विषय बदलायचो. शेवटी मळ्यात भोवळ येऊन पडली तेव्हाच तिला गाडीत घालता आलं. नांदेडला नेईपर्यंत उशीर झाला होता. शेवटच्या संध्याकाळी, गावी परतायच्या आधी, मी तिच्या उशाशी बसलो होतो. नळ्या लावलेल्या, बोलताना धाप लागत होती, तरी तिचं सांगणं चालूच होतं. "उजव्या कुशीवर लई येळ ठेवू नका... तिथं जुनी जखम हाय, पुन्हा उघडंल." पाणी कोमट करून द्या, गोधडीला सुरकुती राहू देऊ नका, चिडले तर उलटून बोलू नका. सगळं सांगितलं. फक्त जमीन हलली तर कोण आत जाईल, हे तिनं विचारलं नाही. मी वाट बघत होतो. विचारलं असतं तर मी जाईन, असं मी लगेच म्हणालो असतो, आणि मला वाटतं, ते खरं आहे की नाही हे तिला त्या अवस्थेत तपासत बसायचं नव्हतं.

तेराव्यानंतर थोड्याच दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, जेवणं उरकून आम्ही सगळे सावलीला टेकलो होतो. गुरगुर सुरू झाली. वर्षानुवर्षांची सवय, आम्ही सगळे अंगणात. उषा, पुतण्या, पुतणी, मी. भांडी वाजली, एक बारीकसा धक्का बसला, आणि आम्ही उभे होतो तिथं एकमेकांकडं बघायला लागलो. चौघंही बाहेर होतो. आत कुणीच गेलं नव्हतं. समोर दार उघडं होतं आणि आतून काही आवाज नव्हता... दादानं हाक मारली नाही, ओरडला नाही, काही नाही. पुतणी एकदम दाराकडं धावली आणि माझ्या हातानं, मी काही विचार करायच्या आत, तिचं मनगट धरलं. ती आता कॉलेजात जाते, तरी मी तिला लहान पोरीसारखं मागं ओढलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर मला आयुष्यभर पुरेल. मी तिचं मनगट उषाच्या हातात दिलं आणि आत गेलो.

इतक्या वर्षांत मी त्या खोलीत धक्क्याच्या वेळी कधीच गेलो नव्हतो. बाहेर जो आवाज जमिनीतून येतो असं वाटतं, तो आत चारी भिंतींतून येतो. दगडांच्या सांध्यांतून माती गळत होती. दादा छताकडं बघत पडला होता. मी खाटेच्या काठावर बसलो तेवढ्यात दुसरा धक्का आला, पहिल्यापेक्षा मोठा. डोक्यावरचे पत्रे करकरले. मी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. दादाला धरावं, त्याच्यावर वाकावं, असं काहीसुद्धा मला सुचलं नाही.

"थांबलं," दादा म्हणाला.

मी डोळे उघडले. ते मिटलेले होते हे मला तेव्हा कळलं. दादा माझ्याकडं बघत होता. अपघातानंतर त्याला मी कधी इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"ती बी अशीच मिटायची. लई भ्यायची. आत आली की माझ्या छातीवर डोकं दाबून धरायची अन् म्हनायची, थांबलं की सांगा." त्यानं छातीवर हात ठेवला. "भांडन असलं, बोलत नसली, तरी तेवढं म्हनायची. मग म्या सांगायचो, थांबलं."

बाहेरून पुतणी हाका मारत होती. मी ओ दिली. दादानं चेहरा भिंतीकडं वळवला.

"एवढं एकच काम व्हतं माझ्याकडं," तो म्हणाला.