लोडातला कापूस

दर्यापूरच्या बाजारात तो व्यापारी रोज दिसायचा. गाडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, नुसतं वजन वाढवणारी सरकी बाजूला काढून धागा ओढून बघायचा आणि मगच भाव बोलायचा. पुढे त्यानं सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना काढला, निवडणूक जिंकली आणि चक्क मंत्री झाला.

सत्काराला मी शाळेची शाल घेऊन त्यांच्याशेजारीच बसलो होतो. वक्ता त्यांना हिमालय म्हणत होता आणि मंत्र्यांची बोटं लोडाच्या उसवलेल्या शिवणीत शिरली होती. ते कापूस काढत होते, ओढून बघत होते. भाषण संपेपर्यंत लोड चपटा झाला आणि काळं जाकीट पांढरं. हसू दाबायला मी शाल तोंडात कोंबली.

मंत्री माझ्या कानाशी वाकले.

"गुरुजी, लोडात एक सरकी नाई सापडली. सारी त्या भाषणातच होती."