पाठ केलेला तक्ता

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे आणि नजर बरीचशी गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी माझ्या माहेरी शिरा झाला. वेलची घालून, वर काजूचे तुकडे पेरून. खोटं सांगत नाही. आईने वाटी हातात दिली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, एवढी लाज तिच्यात उरली होती. मी वाटी ओट्यावर आपटली. अजूनही कुणाच्या घरी तुपावर रवा भाजल्याचा वास आला की मी उठून बाहेर जाते.

माहेर म्हणजे तुळिंजच्या बाजारामागची बिल्डिंग, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाबा रेल्वेत चावीवाले. खांद्यावर हातोडा आणि लांब पाना घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल दिसल्या की ठोकून बसवायच्या, गाडी आली की बाजूला व्हायचं आणि गेली की पुन्हा रुळात उतरायचं. आयुष्यभर हेच केलं त्यांनी. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मी लग्न होऊन विरारला आलेली, पण माझा एक पाय कायम तुळिंजला.

तर मलाच आधी दिसलं. बाबा चहा ओतताना कपाच्या बाहेर ओतायचे. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायला अख्खी मान वळवायचे. एकदा बाजारात बाजूने येणारी रिक्षा त्यांना दिसलीच नाही, मी दंड धरून मागे ओढलं. "काय झालं?" म्हणून मलाच विचारतात! मग मी ऐकलं नाही, ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगली बाई होती. म्हणाली, गेली ती नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल, पण रोज न चुकता घालायचे. आणि रुळावरचं काम उद्यापासून बंद.

हे मी घरी सांगितलं, आणि मामाने टाळी वाजवली.

मामा म्हणजे आईचा भाऊ, एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं, तसा तो तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होता. सगळे नियम याच्या जिभेवर. "अगं, ही तर लॉटरी!" तो म्हणाला. "नोकरीत असताना माणूस कायमचा अनफिट ठरला, तर पोराला नोकरी मिळायची आशा असते. एकदा निवृत्त झाले की संपलं. पेन्शन काय, ती म्हातारा-म्हातारीबरोबर चितेवर जाते. नोकरी पुढची पिढी खाते!"

पुढची पिढी म्हणजे माझा धाकटा भाऊ. पलंगावर लोळत मोबाइल बघत होता. किती वर्षं परीक्षा देत होता, ते त्यालाच ठाऊक. आता उठून बसला आणि विचारतो काय, "कुठलं पोस्टिंग मिळेल, मामा?" बापाचे डोळे गेले, आणि याला पोस्टिंगची चिंता. शी!

बाबा खुर्चीत बसून होते. कुणी त्यांना काही विचारलं नाही. शिरा मात्र पहिला त्यांना दिला.

इथवर मी सहन केलं असतं. माणसं गरजेपोटी लोचट होतात, मी काही आकाशातून पडलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी थेंबांची बाटली घेऊन गेले तर मामा म्हणतो, "हे आत्ता नको. बाबांची नेहमीची मेडिकल तपासणी आलीच आहे. तिथे नजर जेवढी वाईट निघेल तेवढं बरं. केस पक्की होऊ दे, मग काय घालायचं ते घाल." वर हसला. आणि आईने, माझ्या सख्ख्या आईने, ती बाटली माझ्या हातातून घेऊन फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्यामागे सरकवली.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात, असं ऐकून होते. आमच्याकडे मढं व्हायचीही वाट बघायची नव्हती.

"जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!" मी ओरडले. शेजारच्या भाभींनी दार उघडून डोकावलं इतकी ओरडले. मामा शांतपणे म्हणाला, "तुझं लग्न झालंय. तुझं पोट भरलंय." पुढे मी रोज विरारहून येऊन बाबांच्या डोळ्यांत थेंब घालायला लागले. बाबा गुपचूप मान मागे टाकायचे. एवढंच म्हणायचे, "कशाला हेलपाटे घालतेस?" आणि सकाळी कामावर जायचे. रजा घ्या म्हणून मी पाया पडले, तर म्हणे तपासणी होऊ दे.

रेल्वेच्या दवाखान्यात तपासणीला मीच बरोबर गेले. बाबांच्या शेजारच्या हद्दीतला चावीवालाही त्या दिवशी आला होता. सांडोरचा ख्रिस्ती माणूस, बाबांचा जुना दोस्त, आला तो पिशवीत वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन. माझ्या हातात केळी दिली आणि बाकावर बसून पुटपुटायला लागला. मला वाटलं प्रार्थना करतोय.

"प्रार्थना कसली, पोरी," तो म्हणाला. "तक्ता घोकतोय."

मग त्याने सगळं सांगितलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता म्हणे वर्षानुवर्षं तोच. जो आधी तपासून यायचा तो पुढच्याला अक्षरं सांगायचा. मग रुळावरून चालताना सगळे ती ओळीने म्हणायचे, सुलटी आणि उलटी. का? तर डोळ्यांत खोट निघाली की रुळावरून काढतात, कुठल्या तरी ऑफिसात बसवतात, भत्ते जातात, आणि रुळावरच्या गँगमधली माणसं म्हणतात, हा म्हातारा झाला. "तुझ्या बापाने मला शिकवला," तो म्हणाला. "कवापासून त्याला शेवटची ओळ दिसत नाही, कोनाला ठाऊक! आता तर गाडी आली का मीच लांबून हाळी देतो. त्याच्या कानांवर चाललंय सगळं."

म्हणजे जो रोग कधीच पकडला गेला असता, तो या शहाण्यांनी कवितेसारखा पाठ करून लपवला होता. कुणाकुणाची किळस करायची माणसाने? मी त्याची केळी त्याच्या पिशवीत परत टाकली.

तेवढ्यात बाबांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. घरी ठरलं होतं की बाबांनी वरच्या मोठ्या अक्षरानंतर "दिसत नाही" म्हणायचं. त्यात खोटं काहीच नव्हतं. बाबा ताठ उभे राहिले, एक डोळा झाकला, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून गेले. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा तेच. आतून डॉक्टरसाहेबांचा आवाज आला, "वा, या वयात!"

मला वाटलं, सवय. मला वाटलं, माज आहे म्हाताऱ्याचा, चारचौघांत आंधळा म्हणवून घ्यायचं नाही. उद्या हा माणूस पुन्हा रुळात उभा राहणार होता. मी आत घुसले. विचारलंसुद्धा नाही. डॉक्टर बाईचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "यांना तक्ता पाठ आहे, साहेब. दिसत काही नाही. यांच्यासमोर तुमचा हात बाजूने आणून बघा."

साहेबांनी हात बाजूने आणला. बाबांच्या पापणीलाही कळलं नाही.

पुढे सगळ्या तपासण्या रीतसर झाल्या. बाबांना रुळावरून काढलं, पण कायमचं अनफिट ठरवलं नाही. बसून करायचं हलकं काम दिलं, निवृत्तीपर्यंत. पेन्शन शाबूत, पास शाबूत, उपचार शाबूत. भावाला नोकरी नाही.

निकाल कळला त्या दिवशी मी मुद्दाम तुळिंजला गेले. घरात सुतक असल्यासारखे सगळे बसले होते. भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मामाने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "काय मिळवलंस आत जाऊन? गप्प बसली असतीस, तर अनफिट नाही तर नाही, पण ड्युटीवर काही बरंवाईट झालं असतं, तर पोराचं काम हमखास झालं असतं."

बाबा समोर बसलेले असताना बोलला तो हे. आणि बशी तोंडाला लावली.

मी ती बशी हाताने उडवली. चहा त्याच्या सदऱ्यावर, भिंतीवर, सगळीकडे. "ऊठ माझ्या बापाच्या घरातून!" मी म्हटलं. मामाला अरेतुरे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. त्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई पदर तोंडात धरून बसली होती, पण मामाला थांबवायला उठली नाही आणि मलाही थांबवायला उठली नाही.

"त्याला नको बोलूस," बाबा म्हणाले.

"का नको? तुमच्या मरणावर टपलाय हा!"

"त्याच्या आधी मी हिशेब केला होता." बाबा माझ्या आवाजाच्या दिशेला बघत होते, माझ्याकडे नाही. "अनफिटचं काम होतं, नाही होत, कुणी सांगावं? रुळावर गेलेल्याचं हमखास होतं. उगाच म्हटला का तक्ता मी?"

खोलीत कुणी दचकलं नाही. आईसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की हे तिला आधीपासून माहीत होतं.

मी फ्रिज उघडला, कोथिंबिरीच्या डब्यामागून बाटली काढली आणि बाबांसमोर उभी राहिले. त्यांनी मान मागे टाकली नाही. डोळे घट्ट मिटून घेतले. मी त्यांचं डोकं खुर्चीला दाबून धरलं, पापण्या बोटांनी उघडल्या आणि थेंब घातला.