फोडणीचा वास आला नाही

देवावर रुसून बसायचं माझं वय नव्हतं, तरी बसले. दोन हजार एकवीसच्या एप्रिलात नागपूरला आई कोविडने गेली. विमानांची बोंब, मी इकडे आयर्लंडातल्या किलकेनीत. तिचं शेवटचं तोंड फोनवर पाहिलं, तेही चित्र सारखं अडकत होतं म्हणून नीट दिसलं नाही. लग्नात आईने दिलेली पितळेची अन्नपूर्णा मी तांदळाच्या वाटीसकट कपाटात कोंडली. लग्न टिकलं नव्हतं, ही तेवढी टिकली होती. म्हटलं, बस आता अंधारात, बये!

आमच्याकडे माणूस गेलं की घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. इथे कोण आणणार? ऑफिसातून फुलांचं ई-कार्ड आलं. मग मीही हट्टाने शेगडी पेटवली नाही, दोन दिवस किटलीतल्या चहावर काढले. इतकं एकटं मला घटस्फोटातही वाटलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी त्या कपाटासमोर उभी राहून ओरडले, "आता मला कोण वाढणार, ते तरी सांग!"

थोड्या वेळाने दार वाजलं. वरच्या मजल्यावरची पॅलेस्टिनी बाई. जिन्यातल्या हाय-हॅलोपलीकडे आमची ओळख नव्हती. झाकलेलं पातेलं दारात ठेवून ती मास्क लावून चार पायऱ्या वर जाऊन बसली.

"दोन दिवस तुझ्या फोडणीचा वास आला नाही. कोण गेलं?"

मी हंबरडाच फोडला. पातेल्यात मसूर घातलेला भात होता, वर तळलेला कांदा. उंबऱ्यात बसून खाल्ला. "आमच्याकडेही मेल्या घरी तीन दिवस शिजवत नाहीत, बिंती," ती म्हणाली. बिंती म्हणजे लेकी. तिच्या वडिलांनी लहानपणीच गाव सोडलेलं, हिचा जन्म गाझातल्या छावणीतला, लग्नानंतर दोन घरं डोळ्यांदेखत पडलेली. तिची आई गेली तेव्हा ती इथेच होती. "मला कुणी काही आणलं नाही गं. माझं मीच शिजवलं." मग म्हणाली, "मला खालतो म्हण. आईची बहीण."

तीन दिवस ती पायरीवर बसून मला जेवू घालत राहिली.

मे महिन्यात बातम्यांत गाझा जळत होतं. एका दुपारी लक्षात आलं, वरून कांदा तळल्याचा वास कालपासून आलेला नाही. सुतक कधीच फिटलं होतं, तरी अन्नपूर्णा अजून कपाटातच होती. तिला बाहेर काढलं. घरात दुसरे तांदूळ नव्हते, म्हणून तिच्याखालचेच धुऊन शिजवले, पिठलं केलं आणि वर गेले.

"बहीण," दार उघडून खालतो एवढंच म्हणाली. "आणि तिच्या दोन्ही मुली."

पातेलं ठेवून मी चार पायऱ्या उतरून बसले. ती म्हणाली, भूक नाही. म्हटलं, मलाही नव्हती. मग तिने पहिला घास घेतला आणि मोठ्याने रडली.

चमत्कार होता की नाही, मला ठाऊक नाही. मी फक्त ओरडले होते, आणि ऐकणारीने आपली माणसं कुठून धाडायची ते ठरवलं. आता मी अन्नपूर्णेकडे काही मागत नाही. तिच्याखालचे तांदूळ बदलते, नमस्कार करते, आणि संध्याकाळची फोडणी जरा कडकच देते, वरपर्यंत वास जावा म्हणून.