उजव्या हातातला चुडा

माझा डावा तळवा आजही उजव्यापेक्षा जाड आहे, आणि त्याला जबाबदार एकच बाई. शाळेपासून ती सॉफ्टबॉलमध्ये पिचर आणि मी कॅचर. ती फेकायची, मी ग्लव्ह घालून झेलायची. कमरेखालून हाताची अशी गिरकी घ्यायची की समोरची बॅट फिरवेपर्यंत चेंडू माझ्याकडे पोचलेला असायचा. अंबरनाथच्या मैदानावर तिच्यासमोर बॅटिंगला येतानाच मुलींचे चेहरे पडायचे आणि मला उकळ्या फुटायच्या.

त्या हंगामात तर ती पेटलीच होती. तीनदा बॅट हुकली की बॅटर बाद. असे बळी एका हंगामात सगळ्यात जास्त घेण्याचा जिल्ह्याचा जुना विक्रम होता, त्याची सेमीफायनलला तिने बरोबरी केली. आता फायनलला एक बळी, बस्स! आणि घरच्यांनी काय करावं? या दोन मॅचच्या मधोमध तिचं लग्न लावलं. मुहूर्त म्हणे तोच चांगला. माझं डोकंच फिरलं.

फायनलला ती सासरहून, कुळगावहून आली ती दोन्ही हातांत हिरवा चुडा भरून. नव्या नवरीने चुडा आपण होऊन उतरवायचा नसतो आणि पिचरच्या चेंडू टाकायच्या हातात काहीही चालत नाही. मी शक्कल लढवली. उजव्या हातातल्या बांगड्यांवरून क्रेप बँडेज गुंडाळलं, वरून लांब बाह्यांचा टीशर्ट. सरावाच्या पहिल्याच चेंडूला हात मांडीला घासला आणि आतून खण्णकन आवाज आला.

अंपायर तरातरा आले. "ये क्या है? खोलो."

"सर, नवी नवरी आहे. चालवून घ्या ना," मी म्हटलं.

"नवरी असो नाहीतर नवरा, हात मोकळा पाहिजे. नाहीतर पिचर बदला."

तिने प्रेक्षकांकडे पाहिलं. तिच्या सासूबाई पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आल्या होत्या. "मी बसते बाहेर," ती हळूच म्हणाली. "त्यांच्यासमोर नाही गं काढवणार." इतक्या वर्षांची मेहनत अशी काचेपायी जाणार! मला रडूही येत होतं आणि बांगड्या भिरकावून द्याव्यात असंही वाटत होतं.

तेवढ्यात सासूबाईच मैदानात आल्या. "काय झालं? खेळ का थांबला?"

मी सांगितलं, जरा चढ्याच आवाजात. त्यांनी सुनेचा हात धरला, तळवा चेपून अंगठा आत वळवला आणि एकेक बांगडी अलगद सोडवली. एकही वाढवली नाही.

"आई, पिशवीत ठेवा," ती पुटपुटली.

"चुडा पिशवीत कोंबतात होय?" असं म्हणत त्यांनी तो आपल्याच उजव्या हातात चढवला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हापासून तो हात उघडाच होता. "हं, टाक आता," त्या म्हणाल्या आणि मैदानावरची पांढरी रेघ चपलांनी तुडवत परत गेल्या. अंपायरनी खेळ सुरू करायची खूण केली.

मग काय सांगू! पहिला चेंडू बॅटरला दिसलाच नाही. दुसऱ्याला बॅटने नुसती हवा कापली. तिसऱ्याला मी बोटांनी खालचा चेंडू मागितला. तिने मान हलवली आणि सोडला तो असा सणसणीत की माझ्या ग्लव्हमध्ये फटाका फुटला. बॅट फिरली ती नंतर. झाला विक्रम! मी हेल्मेट भिरकावून तिच्या अंगावरच उडी घेतली. त्या सगळ्या आरड्याओरड्यात बांगड्यांची किणकिण मला वेगळी ऐकू येत होती. सासूबाई उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या.

मॅचही आम्हीच जिंकलो. कप मांडीवर घेऊन आम्ही तिघी रिक्षाने कुळगावला निघालो. वाटेत तिने आपला हात पुढे केला. "आई, द्या आता."

"घरी देवापुढे भरते," सासूबाई म्हणाल्या.

आळीच्या तोंडाशी बायका उभ्याच होत्या. सासूबाई आधी उतरल्या. खांद्यावरून घसरलेला पदर त्यांनी नीट केला, तो उजव्याच हाताने.