'हौ' कोण म्हणालं

आई म्हणायची, ही पोरगी देवळातलं तीर्थसुद्धा हुंगून पिईल. व्हय, होतेच मी संशयी. निजामाच्या राज्यात नळदुर्गात वाढलेल्या माणसानं भोळं राहून चालतंय थोडंच? भिंतीला कान असतात म्हणून आमच्या गल्लीतल्या बायका हळू बोलायच्या, आणि मी त्या भिंतीलाच कान लावायची.

आम्ही तिघी मैत्रिणी. पहिलं लग्न झालं ते लिंगायत दुकानदाराच्या लेकीचं. पाच कलश मांडलेले, जंगमस्वामींचे मंत्र चाललेले, बायकांची कानडी गाणी, आणि नवरदेव सकाळपासून पाटावरून उठायलाच तयार न्हाय. माझ्या मनात पाल चुकचुकली. नवरीच्या कानात सांगितलं, पायानं अधू दिसतोय गं. ती रडायला लागली, मांडवात कालवा झाला. मग कळलं, तिच्या बहिणींनी त्याच्या वहाणा लपवल्या होत्या आणि अनवाणी उठलं तर हार होईल म्हणून गडी हट्टानं बसला होता. बिचाऱ्याला मांडवभर चालून दाखवावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही लग्नात गेले की बायका म्हणायच्या, आली बघा, नवऱ्याचे पाय तपासणारी.

दुसरी आमच्या परसाला लागून घर असलेल्या मुसलमान मुन्शींची लेक. तिची सोयरीक तिच्या फुपीनं, म्हंजे आत्यानं, हैदराबादेहून आणली. मुलगा नोकरीतला, खानदानी, पानसुद्धा खात न्हाय. पण घरात कोण कोण असतं म्हणून विचारलं, की फुपी बांगड्यांचा विषय काढायची. कुठंतरी पाणी मुरत होतं. मैत्रीण मला म्हणाली, त्याला पहिली बायको असली तर मला न्हाय जायचं. पण बापाला हे विचारायला तिची जीभ रेटेना.

त्यांच्यात एक लई चांगलं, नवरीला विचारतात. तिचे मामू वकील म्हणून, म्हंजे नवरीचा होकार न्यायला, दोन साक्षीदार घेऊन बायकांच्या खोलीच्या पडद्याशी आले. त्यांनी विचारायचं, नवरीनं 'हौ' म्हणायचं, मगच बाहेर काझी निकाह लावणार. मी तिचा हात धरून बसले होते. पलीकडं तिला बिलगून फुपी, दोघींच्या डोक्यावर एकच लाल ओढणी. मामूंनी विचारलं. ओढणीतून 'हौ' आलं आणि माझ्या हातातला तिचा हात दचकला.

साक्षीदार वळले. बोलावं का गप बसावं? तो लंगडा न निघालेला नवरदेव आठवला. पण गप बसणं माझ्या रक्तात न्हाय.

"मामू," मी म्हणाले, "आवाज फुपीचा होता."

फुपी हसली. हिला सगळीकडं असंच दिसतं म्हणाली, आणि वहाणांची गोष्ट सांगायला लागली. बायकाही हसल्या. मामू हसले न्हाईत. त्यांनी फुपीला लांब बसायला लावलं आणि पुन्हा विचारलं.

मग मैत्रीण बोलली, "पहले पूछो, उनके घर में कौन है."

मामू बाहेर गेले. खोलीत कुणी कुणाकडं बघेना. फुपीला एकाएकी तहान लागली. मामू परतले आणि पडद्याशीच उभं राहून त्यांनी सांगितलं. पहिली बायको होती, घरातच होती, आणि तिला या लग्नाचा पत्ताच न्हवता.

"नक्को," मैत्रीण म्हणाली.

रांधलेल्या देगा तशाच राहिल्या, वऱ्हाड उपाशी परत गेलं. गल्लीनं तिच्या घराला नावं ठेवली, माझ्या पायगुणाला तर जास्तच. मला लई राग यायचा. ती म्हणायची, बोलू दे.

पुढं माझं ठरलं, माकणीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाशी. आमच्यात मुलाकडचे मुलगी बघतात, मुलीनं बघायचं ते बापाच्या तोंडाकडं. मी कासारणीकडून चौकशी करवली, पाहुण्यांना खोदून विचारलं. खोट काही सापडेना, म्हणून जास्तच भ्या वाटायला लागलं.

अंतरपाट धरला. मुन्शींची लेक माझ्या मागंच उभी होती. भटजी मंगलाष्टक सुरू करणार तेवढ्यात तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तुला कुणी विचारलं का गं?"

"न्हाय."

"मग मी विचारते. तुझं मन हाय का?"

अंतरपाटाखालून मला फक्त त्याचे पाय दिसत होते. दोन्ही धड होते, बाकीचं देवाला ठाऊक.

"हौ," मी म्हणाले. माझ्याच तोंडून आलं का, हे बघायला ती पुढं वाकली होती.