साळावच्या धक्क्यावरची कॉफी

आमच्या घरात चहा शिरला नव्हता. कॉफी होती, पण तीही रोजची नव्हे. एकादशीला, किंवा कुणी तापातून उठले की जायफळ घालून केलेली. ती दुकानात विकत मिळू शकते, ही कल्पनाच नोकरी लागेपर्यंत मला नव्हती.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत शाळाखात्यात मला जी नोकरी मिळाली, तिच्यामुळे कुलाबा जिल्ह्याचा किनारा पायाखाली घालावा लागला. श्रीवर्धनकडून अलिबागला जायचे म्हणजे खाड्या. खाडी म्हणजे होडी. आणि होडी म्हणजे भरतीची वाट पाहणे. त्या वाट पाहण्यात मला ती लहान दुकाने सापडली. नारळाच्या झापांचे छप्पर, एकदोन बाकडी, चुलीवर काळे पडलेले पातेले. मी स्वभावाने भिडस्त. आत जाऊन बसायलाच मला बरेच महिने लागले. चहा घशाखाली उतरत नसे. बोर्ली पंचतनच्या बाजारात एकदा धीर करून विचारले, "कॉफी मिळेल का?"

मालकाने पळी हातात तशीच धरली. "कोण आजारी हाय, मास्तर?"

"कुणी नाही. मलाच हवी आहे."

"मग आज उपास?"

"नाही."

"ताप न्हाय, उपास न्हाय, आणि कॉफी!" तो बाकड्यावरच्या मंडळींकडे वळला. "मास्तरांचं लगीन ठरलंय वाटतं."

सगळे हसले. मी मान खाली घातली. पण फळीवरच्या डब्यातून कॉफी निघाली. पुढे मला कळले की असा एखादा डबा बऱ्याच दुकानांत असतो, आजाऱ्यांसाठी आणि उपासकरूंसाठी राखून ठेवलेला. बोर्लीला होता, मुरुडला होता, साळावच्या धक्क्यावर होता. हे ज्ञान मी कुणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे मला वाटत नसे.

वडिलांना मुंबईच्या इस्पितळात नेऊन महिना होत आला होता. थोरला भाऊ त्यांच्यापाशी होता. एके दिवशी सकाळी गावातला एक माणूस मुंबईहून परतला आणि ओटीवर न बसताच म्हणाला, "आईंना घेऊन लगेच निघा." आगबोटीला अजून अवकाश होता, आणि तेवढा धीर कुणालाच नव्हता. आम्ही खुष्कीच्या मार्गाने निघालो.

आई घराबाहेरचे काही घेत नसे. परक्या हातचे पाणी तिने जन्मात घेतले नव्हते. बरोबर आणलेला पाण्याचा तांब्या दिघीला होडीत चढताना कलंडला आणि रिकामा झाला. तिने तो उपडा करून पिशवीत ठेवला. आगरदांडा मागे पडला. आदल्या दिवसापासून तिने अन्नाला स्पर्श केलेला नाही, हे तिने मला मुरुडला सांगितले, तेही मी खोदून विचारले म्हणून. पुढे साळावपर्यंत मोटार, मग होडी, रेवदंडा, अलिबाग, रेवस, आणि मुंबईची लाँच. ती इतकी वाट निभावेल असे मला वाटेना. ती वाटेत कोसळली असती, तर वडिलांची भेट झाली नसती.

एकच पळवाट होती, आणि ती तिच्याच सोवळ्यातली होती. नुसत्या दुधात शिजवलेली, पाण्याचा स्पर्श नसलेली वस्तू प्रवासात परक्या हातचीही चालते, असे आमच्याकडे मानत. मी म्हणालो, "नुसत्या दुधातली कॉफी करून घेऊ. इथे मिळते."

"तुला कसं ठाऊक?"

मी दुकानाकडे चालू लागलो. तीही मागून आली.

मुरुडच्या दुकानदाराला तिने बाहेरूनच विचारले, "दुधात पाणी आहे का हो?"

"आईची शपथ, थेंब नाही! गंगेसारखं दूध आहे!"

"गंगेत पाणीच असतं," आई म्हणाली आणि मोटारीकडे चालू लागली.

साळावला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. होडी चिखलात बसलेली. आईने खांबाला हात लावला आणि तशीच खाली टेकली. तिच्या ओठांवर रंग राहिला नव्हता. धक्क्यावरचे दुकान एका मुसलमान गृहस्थांचे होते; दाढी पिकलेली, डोक्याला रुमाल. मी त्यांच्याकडे कॉफी पूर्वी घेतली होती, पण आईला तिथे कसे न्यावे हे मला कळेना. तेच बाहेर आले.

"मास्तर, आईला काय होतंय?"

मी काय हवे ते अडखळत सांगितले. आईने डोळे उघडून तोच प्रश्न विचारला, "दुधात पाणी आहे का?"

त्यांनी चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिले. "हाय तर. सकाळीच घातलं. न्हाय घातलं तर धंदा कसा व्हायचा, आई?"

"किती घालता?"

"गिऱ्हाइकाला कळत न्हाय तितकं." मग खालच्या आवाजात म्हणाले, "कोरं दूध गावातनं आणवतो. पण तवर भरती येईल, होडी जाईल."

आई खाडीकडे पाहत राहिली. काय तोलत होती, मला कळत होते. शेवटी म्हणाली, "खरं बोललात. असेल तशी द्या."

त्यांनी कप दोनदा घासला. आईच्या हाती न देता फळकुटावर ठेवला आणि मागे सरकले. आई म्हणाली, "हातात द्या. आता काय उरलंय त्यात?" त्यांनी दोन्ही हातांनी दिला. ती सावकाश प्याली आणि आणखी मागितली. होडी हलली तेव्हा ती स्वतःच्या पायांनी चढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात पोहोचलो. वडील जागे होते. खाटेशी बसलेल्या आईकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. पहिला प्रश्न विचारला तो हाच, "वाटेत काही घेतलंस?"

मी काही सांगणार, तोच आई म्हणाली, "कॉफी घेतली. साळावला. मुसलमानाच्या दुकानातली. दुधात पाणी होतं."

सोवळे आमच्या घरात वडिलांचे होते. आईने ते त्यांच्यासाठी पाळले होते. मला त्यांच्या तोंडाकडे पाहवेना.

"बरं केलंस," ते म्हणाले. मग पुन्हा बोलले, "इथं मला पाणी कोण देतं, ते मीही विचारलेलं नाही."

आईने मान हलवली. मग उठून तिने कोपऱ्यातल्या सरकारी माठातून पेला भरला, त्यांचे डोके उचलून धरले आणि त्यांना पाजले. उरलेले पाणी ती स्वतः प्याली.

वडील त्याच आठवड्यात गेले. तोवर त्यांना कुशीवर वळवणे, पुसणे, पाणी देणे, सारे आईनेच केले. तेवढे बळ तिच्या अंगात होते.