फाटकाबाहेरचा पेपर

आमची बाइंदू दिसायला काडीसारखी, पण वाद घालायला बसली की समोरच्याच्या घशाला कोरड पडते. मी तेन्ने. आमच्या केनेमा शहरात मुलींच्या शाळेच्या फाटकासमोर चोवीस वर्षं चवळीची भजी तळते. या शाळेच्या निम्म्या पोरी माझ्या तेलावर वाढल्यात, तेव्हा बाइंदूबद्दल बोलायचा हक्क मला नाही तर कुणाला?

सोळाव्या वर्षी तिला दिवस गेले. मी काही पाठ थोपटली नाही, चांगला कान पिळला. पण तेव्हा सरकारचा हुकूमच होता, पोट दिसलं की शाळा बंद. बाकीच्या पोरी बिघडतात म्हणे! जसं काही पोट म्हणजे खोकला, शेजारी बसलं की लागतो. फाटकात एक बाई उभ्या राहून पोरींची पोटं चाचपायच्या. बाइंदूचं चाचपलं आणि तिथूनच परत पाठवलं. मोठ्या परीक्षेला दहा दिवस राहिलेले, तिचा परीक्षेचा बैठक नंबरसुद्धा आलेला. आणि ज्यानं हे करून ठेवलं, तो मोटारसायकलवर पाशिंजर घेऊन शाळेवरून हॉर्न वाजवत जायचा. त्याचं पोट कोण चाचपणार?

मी हेडमास्तर व्हांडींना गाठलं.

"तेन्ने, माझ्या हातात काही नाही. तिच्यासारख्या पोरींसाठी वेगळे वर्ग काढलेत ना सरकारनं, आठवड्यातून तीन दिवस."

"तिथं परीक्षा असते?"

"नाही."

"मग काय असतं?"

"थोडं वाचन... शिवण..."

"शिवायला लानसाना शिंपी आहे की आमचा. तुम्ही शाळा चालवा."

परत आले तर बाइंदू माझ्या बाकावर बसलेली. "मावशी, मी पेपर लिहिणार."

"कुठं गं बये? माझ्या कढईत?"

"या बाकावर. मैत्रिणी सुटल्या की प्रश्नपत्रिका आणून देतील. वेळ लावून लिहीन. मला येत होतं की नाही, ते मला कळायला पाहिजे. त्यांनाही."

पोरगी हट्टाला पेटली होती. पण आठव्या महिन्यातली पोटुशी पोर रस्त्यावर एकटी बसली असती, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं फाडून खाल्लं असतं. आमच्यात लग्न असो, बारसं असो, घरच्या सगळ्या बायका एकाच ठाणाचं कापड घालतात. आशोबी म्हणतात त्याला. ते अंगावर घातलं की तुम्ही कुणाच्या बाजूच्या, हे तोंडानं सांगावं लागत नाही. लाजेच्या गोष्टीला मात्र कुणी आशोबी शिवत नाही. म्हणून मी शिवून घेतली, बाजारातल्या बायकांनाही घ्यायला लावली. आणि कापड निवडलं शाळेच्या गणवेशाचं, हिरव्या चौकटीचं.

लानसाना हसून हसून मशीनवर पडला. "मावशी, तुम्ही काय पहिलीत नाव घालताय?"

"माप घे मुकाट्यानं. आणि कमरेचा आकडा मोठ्यानं बोलशील तर बघ."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी फाटकासमोर आम्ही एकोणीस बायका हिरव्या चौकटीत बसलो. मासेवाली, कांदेवाली, मी, आणि मधे बाइंदू. दुपारी मैत्रिणीनं पेपर आणून दिला, लानसानानं घड्याळ लावलं. पोटामुळं तिला बाकावर वाकता येईना, म्हणून मी भज्यांचं ताट उलटं करून तिच्या मांडीवर दिलं. तिसऱ्या दिवशी तिची आई आली. महिनाभर लेकीशी एक शब्द बोलली नव्हती. अंगात हिरवी चौकट. लानसानाकडून गुपचूप शिवून घेतली होती सटवीनं! मी सरकून जागा दिली, टोमणा गिळला. गिळताना फार त्रास झाला.

गणिताच्या दिवशी जिल्ह्याहून साहेब आले. गाडीतून उतरून थेट आमच्याकडं. "हा काय तमाशा आहे? कोण ही मुलगी?"

आम्ही सगळ्या जणी तोंड उघडणार, तेवढ्यात बाइंदू मान वर न करता म्हणाली, "साहेब, अजून चाळीस मिनिटं आहेत. परीक्षेत बोलायचं नसतं."

 साहेब फाटकात आलेल्या हेडमास्तरांकडं बघून आत गेले. मी त्यांना भजीसुद्धा विचारली नाही.

ते पेपर गणिताच्या मास्तरांनी घरी नेऊन तपासून घेतले. बाइंदू सगळ्यांत पास. पण सरकारी निकालात तिच्या नावापुढं लिहिलं होतं, 'गैरहजर'. तो कागद बघून ती पहिल्यांदा रडली. बाळंतपणात नाही, तेव्हा.

दोन वर्षांनी रेडिओवर बातमी आली, बंदी उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाइंदू लेकाला माझ्या कडेवर देऊन व्हांडींच्या खोलीत हजर. साक्षीला मी होतेच. शाळेत परत यायच्या अर्जात एक ओळ होती, मधली दोन वर्षं शिक्षण का थांबलं?

व्हांडी चष्मा पुसत म्हणाले, "आजारपण लिही, पोरी. वर कुणी विचारणार नाही."

"मी आजारी नव्हते, सर."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. वरून अर्ज परत आला तर?"

"मग पुन्हा भरीन. असाच."

तिनं पेन उचललं आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'थांबलं नाही. फाटकाबाहेर चालू होतं.'

व्हांडींनी दोनदा वाचलं.  लेकरू माझ्या कडेवर किंचाळत होतं, मी मुद्दाम गप्प केलं नाही. शेवटी त्यांनी शिक्का उचलला, शाईत बुडवला आणि दाणकन मारला.

"सोमवारपासून ये," म्हणाले. "आणि फाटकातून ये."